प्रोफेसर उरिओंचं शेवटचं परीक्षण

“सर, मी इथंच थांबते. तुम्ही आत जाऊन या,” नाकिएते म्हणाली आणि केळीच्या बागेच्या तोंडाशीच उभी राहिली.

आत अंगणात प्रोफेसर उरिओंची शवपेटी ठेवली होती. भजन इथपर्यंत ऐकू येत होतं.

“मोरोगोरोहून बसचे धक्के खात आलो ते काय बाहेरून केळी बघायला?” मी म्हणालो.

“घरच्यांनी मला ओळखलं तर?”

“तुला कोण ओळखतंय? तू काय मंत्री लागून गेलीस?”

असं म्हणालो खरा, पण ओळखलं जायची धास्ती मलाही होती. प्रोफेसरांच्या पुस्तकाचं परीक्षण लिहिलं तिने, पण छापलं मी. आमच्या शैक्षणिक त्रैमासिकातला पुस्तक-परीक्षणांचा विभाग मी कित्येक वर्षं चालवतो. परीक्षकाला मानधन नसतं, पुस्तक तेवढं ठेवून घेता येतं. लिहायची रीतही ठरलेली. पहिल्या प्रकरणात हे आहे, दुसऱ्यात ते आहे, छपाईच्या चुका टाळता आल्या असत्या, प्रत्येक ग्रंथालयात असावं असं पुस्तक. संपलं परीक्षण. लेखक कुणाचा गुरू असतो, कुणाचा साहेब, कुणाचा व्याही. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करणार?

उरिओ तर अर्ध्या देशातल्या शिक्षकांचे गुरू. मुलं शाळा का सोडतात यावर त्यांनी आयुष्यभराच्या कामाचा जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हा स्तुतीची परीक्षणं माझ्याकडे आपण होऊन आली. त्यातल्या एका परीक्षकाने तर पुस्तक अजून पाहिलंही नव्हतं!

मी ते नाकिएतेला दिलं. पारे डोंगरातली, आमच्या कॉलेजात नुकती लागलेली मुलगी, तिला एवढं महागडं पुस्तक फुकट मिळेल, इतकाच माझा विचार. तिने ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि लिहिलं, ‘लेखकाने मुख्याध्यापकांना विचारलं, अधिकाऱ्यांना विचारलं. शाळा सोडलेल्या एकाही मुलाला विचारलं नाही. चौथं प्रकरण म्हणजे भरल्या पोटी सांगितलेली उपासाची महती आहे.’ मी ते बरेच दिवस टेबलावर ठेवलं. खरं होतं, म्हणून शेवटी छापलं.

अंक निघाला आणि महिन्याभरात प्रोफेसर गेले. “म्हाताऱ्याला त्या परीक्षणानं खाल्लं,” असं स्टाफरूममध्ये कुणीतरी बोललं. नाकिएतेने ते ऐकलं आणि तिचं जेवणच सुटलं. घरच्यांची माफी मागून येते, म्हणून तीच निघाली होती. एकटीला कसं सोडायचं, म्हणून मी बरोबर.

अखेर तिला जवळजवळ ओढतच आत नेलं. प्रोफेसरांच्या पत्नी एलियाकुंडाबाई पेटीजवळ चटईवर बसल्या होत्या. मी माझं नाव सांगितलं.

“आणि ही कोण?”

“मी नाकिएते म्गोंजा,” ती कशीबशी म्हणाली. “आई, ते परीक्षण मी...”

मोठ्या पातेल्यात आमटी ढवळणाऱ्या बाईचा हात थांबला. मी तर परत जायची वाट कुठली ते बघून ठेवलं.

“म्गोंजा? म्हणजे पारे?”

“हो.”

“अगं मग तोंड शिवून काय उभी आहेस? सकाळपासून एक पारे इकडे फिरकला नाही! माझ्या नवऱ्याला काय असं मुकाट्यानं पुरायचं?”

प्रोफेसर चाग्गा, नाकिएते पारे, आणि या दोन शेजारी जमाती म्हणजे एकमेकांचे थट्टेचे सोयरे. लग्नात, मयतात एकमेकांना वाटेल ते बोलायचा हक्क वाडवडिलांपासूनचा, आणि रागावेल तोच वेडा ठरतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ही सोयरीक पुस्तक-परीक्षणालाही लागू पडते, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

“पण आई, ते वाचून त्यांना काही...”

“वाचून? जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं आम्हाला! म्हणाले, ‘पारे ती पारे! कोंबडीसाठी गाय विकून कोर्टात जाणारी माणसं. बघ, माझ्या चौथ्या प्रकरणावर फिर्याद ठोकलीय.’ हृदय त्यांचं कधीचंच बिघडलेलं होतं, पोरी. डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं.”

“मी थट्टा केली नव्हती, आई. खरंच तसं वाटलं म्हणून लिहिलं.”

“तेही त्यांना कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी काठी घेऊन बाजारात गेले. केळी वाहणाऱ्या पोरांना एकेक गाठून विचारत होते, शाळा का सोडलीस रे? मला म्हणाले, ‘सगळ्यांनी हार घातले गं, भांडली ती एकटीच.’”

नाकिएते त्यांच्याजवळ चटईवर बसली. तिच्या छातीवरचा धोंडा उतरला आणि माझ्याही. भर मयतात मला हसू फुटेल की काय असं झालं. म्हातारा रागावून गेला नव्हता!

तिने खांद्यावर घेतलेल्या खांगाच्या कापडाने डोळे पुसले, उठली, आणि कमरेवर हात ठेवून पेटीसमोर उभी राहिली.

“काय प्रोफेसर! उत्तर द्यायची वेळ आली तर झोपलात? चौथं प्रकरण अजून कच्चंच आहे. मरून सुटाल असं वाटलं होय?”

अंगणात हशा उठला. “अगं, तुमच्या त्या मक्याच्या उसळीचा वास दे त्याला, उठून पळत सुटेल!” मागून एक म्हातारा ओरडला.

“तुमच्या पाणचट केळ्यांच्या आमटीपेक्षा बरी! आणि काय हो, हे खरंच गेलेत कशावरून? चाग्गा आहेत. कुणी तपासलं का?”

तिने पर्समधून एक नाणं काढलं, तेव्हाच सगळ्यांना पुढचं कळलं. नाण्याचा आवाज आला की मेलेला चाग्गासुद्धा उठून बसतो, ही थट्टा आमच्या देशाइतकी जुनी. एलियाकुंडाबाईंनी तोंडावर हात धरला. हसू आवरत सगळे पुढे वाकले.

नाणं पेटीच्या झाकणावर खणकन पडलं, थोडं घरंगळलं आणि आडवं झालं.

नाकिएतेने झाकणाला कान लावला. थट्टेला लागतो त्याहून बराच जास्त वेळ ती तशीच राहिली. मग सरळ झाली आणि बाईंकडे बघून हळूच म्हणाली, “नाही उठले, आई.”