सुशीच्या चटईत अडकलेला जवळा

मित्रांनो, मी एक जुनी चटई आहे, पण माझ्यावर बसायला येऊ नका. मी आहे जेमतेम तुमच्या चित्रकलेच्या वहीएवढी. बांबूच्या बारीक काड्या शेजारी शेजारी ठेवून सुती दोऱ्याने विणल्या की माझ्यासारखी चटई तयार होते. भात, त्यात घालायचं सारण आणि समुद्री शेवाळाचा काळा कागद यांची घट्ट गुंडाळी करून देणं, एवढंच माझं काम. त्या गुंडाळीला सुशी म्हणतात आणि ती जपानची, हे मला माझ्याच पाकिटावरून कळलं. मी स्वतः जपान पाहिलेला नाही. मी पाहिलं ते सीवूड्सच्या मॉलमधलं एक दुकान आणि त्यानंतर दिवाळे गावातलं एक स्वयंपाकघर.

मला विपुलने विकत घेतलं. त्याची मुलगी जागृती तेव्हा पाचवीत होती. तिने मोबाईलवर कोणालातरी सुशी करताना पाहिलं होतं आणि तेव्हापासून बापाच्या मागे भुणभुण लावली होती. मी घरी पोचले तेव्हा ती शाळेत होती. तिची आजी गोजरा मासळी विकून नुकतीच परतली होती. तिने मला उलटसुलट करून पाहिलं आणि गॅसवरून उतरवलेला भाताचा टोप सरळ माझ्यावर ठेवला. पाठ पोळली माझी. त्याचा तपकिरी गोल डाग अजून अंगावर आहे. ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड कुठे आहे? या घरात कोणी कसंही वागलं तरी आपण गप्पच राहायचं, हे मला पहिल्याच दिवशी समजलं.

जागृतीची पहिली सुशी साफ फसली. तिने आत अख्खा तळलेला बोंबील घातला होता आणि भात मोकळा झाला होता. मला उलगडल्याबरोबर सगळं ओट्यावर पसरलं. जागृतीचा चेहरा पडला. गोजरा दाराशी उभी राहून बघत होती. ती हात धुऊन पुढे आली.

"सरक गो. ही तं अलूवडीच हाय. घट्ट आवलाची, पन पिलाची नाय."

तिने मला दोन्ही अंगठ्यांनी उचललं, बाकीच्या बोटांनी सारण आत दाबून धरलं आणि असं काही पुढे सरकवलं की मला माझ्या जन्माचं कारण कळलं. दुसऱ्या दिवशी तिने आंबेमोहर आणला, तो थोडा जास्त पाणी घालून शिजवला आणि व्हिनेगर, साखर, मीठ घालून निवत ठेवला. मग काय विचारता! तळलेली सुरमई, कोळंबी, अंड्याची पोळी, काकडी, गाजर, पिकलेला आंबा, त्या घरात माझ्यातून काय काय गुंडाळलं गेलं नाही? गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. विपुल मला हातात धरून सांगायचा, "चटई जपानी, पण हात दिवाळ्याचे." मी मनातल्या मनात फुशारून जायचे.

पण मुलांची हौस ती. सुट्टी संपून शाळा सुरू झाली आणि जागृतीने मला एकदा ओलीच ड्रॉवरमध्ये कोंबलं. तिथे अंधारात माझ्या अंगावर काळी बुरशी चढली. महिनाभर मी कुजत पडले होते. शेवटी वास आला म्हणून गोजराने मला शोधून काढलं. मीठ आणि लिंबाच्या फोडीने तिने मला काडीन् काडी घासलं आणि गच्चीवर नेऊन उन्हात टाकलं.

"उनासारका साबन नाय," ती नातीला म्हणाली. "वस्तू उनान घातली का सगला गेला."

मासळी वाळवणाऱ्या घरातली बाई ती. घरातला टोप असो, पाटा असो की उशी, धुतलं की गच्चीवर उन्हात, हा तिचा रिवाज होता. त्या उन्हाने मी वाचले. तिच्याइतका जीव मला कोणी लावला नाही, म्हणूनच पुढचं सांगताना मला जड जातं.

जागृती सहावीत गेली तेव्हा तिच्या वर्गात राजलक्ष्मी आली. तिचे आईवडील साताऱ्याकडचे, राहायला सीवूड्सला. दोघींची गट्टी जमली. राजलक्ष्मीला कोळंबी, खेकडा, जवळा यांची अ‍ॅलर्जी होती. यातलं कणभर जरी पोटात गेलं तरी तिचे ओठ सुजायचे आणि श्वास अडकायचा. म्हणून ती कुठेही वाढदिवसाला गेली की घरून आणलेला डबा एका कोपऱ्यात बसून खायची. सगळे विचारायचे, हिला काय झालं? ती मान खाली घालून खात राहायची. हे जागृती घरी सांगायची तेव्हा मी ओट्यावरच असायचे.

आपल्या वाढदिवसाला राजलक्ष्मीने आपल्या ताटात जेवायचं, हे जागृतीने ठरवून टाकलं. आणि खरं सांगते मित्रांनो, त्या घराने काही कमी केलं नाही. जानेवारी महिना होता, गच्चीवर जाळं अंथरून त्यावर जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, वाळत घातला होता. गोजराने तो दोन दिवस आधी गोण्यांत भरून सारसोळ्याला बहिणीकडे पाठवून दिला. जाळं झटकलं. घरात दोन दिवस मासळी शिजली नाही. विपुल कुरकुरत वरण-भात जेवला. जागृतीच्या आईने नवी सुरी, नवा टोप, नवी ताटं आणली. राजलक्ष्मीची आई तेजश्री येऊन सगळं स्वयंपाकघर बघून गेली. जाताना तिने आपल्या घरच्या शेंगदाण्याच्या चटणीची बरणी जागृतीच्या हातात दिली.

"हिला ही फार आवडते. काकडीबरोबर घाल. बाकी टेन्शन नाही ना मला?"

"काकू, अजिबात टेन्शन नको घेऊ," जागृती म्हणाली. "आमच्या घरात आता माशाचा वास पण नाहीये."

वाढदिवसाच्या सकाळी गोजराच्या लक्षात आलं की सगळं नवं आणलं, चटई मात्र जुनीच आहे. तिने मला उकळत्या पाण्यातून काढलं, ब्रशने घासलं, तीनदा धुतलं. त्या वेळी मी इतकी स्वच्छ होते की काय सांगू. आणि मग ती मला घेऊन गच्चीवर गेली. तिने मला उन्हात ठेवलं. त्याच जाळ्यावर.

जाळं झटकलेलं होतं, पण जाळ्याच्या गाठींत जवळ्याचा भुगा राहतोच. वारा सुटला की तो भुगा माझ्या ओल्या काड्यांवर येऊन बसत होता. एक अख्खा जवळा, तांदळाच्या दोन दाण्यांएवढा, माझ्या कडेच्या दोऱ्याखाली शिरला. वाळून तो पांढरा झाला होता, माझ्याच रंगाचा. फक्त त्याचे दोन काळे डोळे दिसत होते. गोजराची नजर आता पूर्वीसारखी राहिली नव्हती. तिने मला हाताने पुसलं, गुंडाळलं आणि मोठ्या समाधानाने खाली आणलं.

मला सगळं ठाऊक होतं. मला हातपाय नाहीत, जीभ नाही. ओट्यावर बसल्या बसल्या मी राजलक्ष्मीला तेजश्रीबरोबर दारातून आत येताना पाहिलं. तिच्या हातात डबा नव्हता. दोन्ही हात मोकळे घेऊन ती वाढदिवसाला आली होती आणि त्या हातांचं काय करावं हेच तिला सुचत नव्हतं.

जागृतीने माझ्यावर शेवाळाचा कागद पसरला. त्यावर भात, भातावर तीळ, मग काकडीचे लांब तुकडे आणि सगळ्यात शेवटी तेजश्रीची चटणी. कागद भाताच्या ओलाव्याने ओलसर झाला आणि माझ्या अंगावरचा भुगा त्याला चिकटू लागला. माझ्या हातात एकच गोष्ट होती. माझा दोरा तुटला असता, तर गुंडाळी फुटली असती आणि जागृतीने मला बाजूला टाकलं असतं. सगळ्या वस्तूंना आपण मजबूत असावं असं वाटतं. मी त्या दिवशी मनापासून तुटायला बघत होते. पण मला ज्याने विणलं त्याने काम चोख केलं होतं. एक धागासुद्धा सुटला नाही.

"बघ, माझी चटई किती स्ट्राँग आहे," जागृती मैत्रिणीला म्हणाली आणि तिने पहिले दोन तुकडे तिच्या ताटात ठेवले.

राजलक्ष्मीने ते दोन्ही खाल्ले. "मस्त आहे," ती म्हणाली. तिसऱ्या तुकड्याला हात घालता घालता तिने ओठ खाजवला. मग मान खाजवली. मग ती खोकू लागली आणि तिचा चेहरा बघता बघता सुजला. तेजश्रीने पर्समधून अ‍ॅलर्जीवरच्या औषधाची सुई काढून तिच्या मांडीत टोचली. विपुलने गाडी काढली. पाच मिनिटांत घर रिकामं झालं. केक तसाच राहिला आणि मी भाताने माखलेली ओट्यावर पडून राहिले.

राजलक्ष्मी वाचली. दोन दिवसांनी ती घरी आली. पण नेमकं काय बाधलं ते कोणालाच कळेना. डॉक्टरांनी सांगितलं, कारण सापडेपर्यंत भात सोडून त्या गुंडाळीतलं सगळंच बंद. शेवाळ बंद, काकडी बंद, तीळ बंद, शेंगदाणे बंद. तेजश्रीने स्वतःच्या हातची चटणी फेकून दिली. राजलक्ष्मी तर आता घरच्या भाकरीलाही घाबरत होती. पोर नुसत्या पेजेवर राहिली होती. जागृती फोन ठेवून रडायची आणि विचारायची, "आपलं काय चुकलं, आजी?" गोजरा म्हणायची, "कललां असता तं सांगला नसता का गो?" जागृतीच्या आईने मला धुऊन ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. तिथून मी हे सगळं ऐकत होते. उत्तर माझ्या दोऱ्याखाली होतं. मी ते देऊ शकत नव्हते.

आठव्या दिवशी गोजराने अळूवडी करायला मला बाहेर काढलं. खिडकीशी उजेड होता. तिचा अंगठा माझ्या कडेवरून फिरला आणि थांबला. तिने नखाने काहीतरी उकरून काढलं, तळहातावर घेतलं आणि डोळ्यांजवळ नेलं. जवळ्याचे डोळे ओळखायला तिला चष्मा लागत नाही. तिने वर गच्चीकडे पाहिलं.

घरात दुसरं कोणी नव्हतं. तो जवळा तिने फुंकरीने उडवला असता, तर कोणालाही काही कळलं नसतं. साठ वर्षं मासळीत घालवलेल्या बाईला आपल्या हातून हे झालं म्हणून सांगायचं होतं. मला वाटत होतं तिने सांगावं, आणि तिच्याकडे बघून माझा जीवही तुटत होता. तिने जवळा कागदात बांधला, मला पिशवीत घातलं, लुगडं बदललं आणि रिक्षा केली.

तेजश्रीच्या दाराशी तिने पिशवी बाहेरच, चपलांपाशी ठेवली. "ही आत आननार नाय," ती म्हणाली आणि साबणाने हात धुऊन मगच उंबऱ्यात उभी राहिली. मला दार दिसत नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं.

"बाय, चूक माझी हाय. चटई मीच धुतली आन मीच जवल्याच्या जाल्यावर टाकली. मना वाटला उनान सगला जातं."

तेजश्री रडू लागली.

"मावशी, आठ दिवस मी माझ्या चटणीला दोष देत होते. मला वाटलं, मीच माझ्या हाताने पोरीला..." मग नाक ओढून ती म्हणाली, "तुम्ही आला नसता तर मी हिला जन्मभर काही खाऊ दिलं नसतं."

"पोरगी परत येल ना आमचे घरान?"

"येईल. खेळायला येईल. जेवायला नको, मावशी. माझी हिंमत होत नाही."

"खरा हाय तुजा," गोजरा म्हणाली.

परत येताना रिक्षात तिने मला मांडीवर घेतलं होतं. तिचे हात माझ्यावर होते आणि मी ते धरू शकत नव्हते.

त्या संध्याकाळी राजलक्ष्मीने भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, असा फोन आला. जागृतीने माझ्या कडेला लाल दोरा बांधला. आता मी फक्त मासळीच्या सुशीसाठी. गच्चीवर धुतलेल्या वस्तूंसाठी वेगळी दोरी बांधली गेली आणि जाळ्यावर जवळ्याशिवाय काही ठेवायचं नाही, असं गोजराने सगळ्यांना बजावलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंना तुम्ही धुता, पुसता, जपता, त्याचे आम्ही ऋणी आहोत. पण माया लावली म्हणजे बघायचं राहून जायला नको. ज्या घासावर कोणाचा श्वास अवलंबून आहे, त्या घासाला लागणारी प्रत्येक वस्तू वेगळी ठेवा, आणि आम्हाला एकदा उजेडात धरून काडीन् काडी न्याहाळा. आम्हाला सगळं माहीत असतं. तुम्ही विचारल्याशिवाय आम्हाला सांगता येत नाही.

या वर्षी जागृतीचा वाढदिवस पुन्हा झाला. राजलक्ष्मी आली, हातात डबा घेऊन, आणि सवयीने कोपऱ्यात जाऊन बसली. बाकीची मुलं माझ्यातून निघालेली कोळंबीची सुशी खात होती. मी ओट्यावरून बघत होते. जागृती आत आली. तिने साबणाने हात धुतले, ताटातली सुशी घेतली नाही. फळीवरून एक नवा डबा काढला, सकाळीच भरून ठेवलेला, आणि ती जाऊन राजलक्ष्मीच्या शेजारी बसली. दोघींनी झाकणं एकदमच उघडली. वाढदिवस जागृतीचा होता आणि तिच्या डब्यात वरण-भात होता.