जाळी बसेपर्यंत

हॉस्पिटलच्या चादरी धुऊन इस्त्री करणाऱ्या त्या लॉन्ड्रीत दोघी बहिणी एकाच मशीनवर होत्या. थोरली ओली चादर तापलेल्या रुळांमध्ये सरकवायची, धाकटी पलीकडून ती ओढून घडी घालायची. बावीस वर्षांत आपण कुणापुढे हात पसरला नाही, हे थोरली दिवसातून एकदा तरी ऐकवायचीच.

त्यामुळे सरकारने प्रत्येक माणसाला दरमहा ठरावीक रक्कम द्यायचं जाहीर केलं, तेव्हा धाकटीने लगेच फॉर्म भरला आणि थोरलीने आपला रद्दीत टाकला.

"फुकटचं मला पचत नाही."

"अगं ताई, सगळ्यांनाच आहे. मालकालासुद्धा."

"मग मालकाने पसरावेत हात. मी नाही."

तिचं हे आजचं नव्हतं. वडील गेल्यावर आईने मदतीसाठी अर्ज केला होता. चौकशीला आलेल्या साहेबाने स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून पाहिला. एकात साखर निघाली. "गोडधोड परवडतंय की तुम्हाला," तो म्हणाला. आईची मान खाली गेली. कुणापुढे हात पसरायचा नाही, अशी नऊ वर्षांच्या थोरलीने तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली होती.

रुळांमध्ये बोटं जाऊ नयेत म्हणून पुढे लावलेली जाळी तुटून दोन महिने झाले होते. दुसऱ्या पाळीतल्या एका बाईचा पंजा भाजून निघाला, तरी मुकादमाचं आपलं "बघू, करू" चालूच. एरवी बायका मुकाट्याने राबल्या असत्या. पण त्या सोमवारी धाकटीने हातातली चादर खाली ठेवली.

"जाळी बसवा, मग घडी घालते."

शेजारच्या मशीनवरच्या दोघी तिच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. मग आणखी तिघी.

मुकादम थोरलीकडे वळला. "या सगळ्या माजल्यात. घरबसल्या पैसे मिळतात ना! तुझं तसं नाही, तू स्वाभिमानी बाई. चालव मशीन. कामाशिवाय तुला गत्यंतर नाही, मला काय माहीत नाही होय?"

इतकी वर्षं मिरवलेला शब्द त्याच्या तोंडून ऐकला आणि थोरलीला कसंसंच झालं. आपल्या ताठ मानेचा फायदा नेमका कुणाला होतोय, हे तिला आज पहिल्यांदा दिसलं.

तिने भिंतीवरचं बटण खाली ओढलं. रूळ घरघरत थांबले.

"जाळी बसेपर्यंत माझाही हात लागणार नाही."

"आणि खाशील काय?"

"ते माझं मी बघेन."

ती अंगावरच्या कामाच्या कपड्यांनिशीच सरकारी ऑफिसात गेली. खिडकीतल्या चष्मेवाल्या कारकूनबाईने नवा फॉर्म पुढे सरकवला.

"घरी कधी येणार?" थोरलीने विचारलं.

"कोण?"

"तुमचा साहेब. डबे बघायला."

कारकूनबाईने पेन खाली ठेवलं. "कुणी येत नाही हो. तुमच्याकडे काय आहे न् काय नाही, हे विचारायचंच नसतं. मलाही मिळतात की हे पैसे."

थोरलीने सही इतकी दाबून केली की कागद फाटायचाच बाकी राहिला. पैसे पुढच्या महिन्यापासून येणार होते.

तोवर ती धाकटीकडे जेवली. पहिल्या दिवशी ती ताटातला भात नुसता चिवडत बसली.

"आईच्या वेळी हे असतं तर?" ती म्हणाली.

"तर आईने त्या साहेबाला दारातूनच वाटेला लावलं असतं," धाकटी म्हणाली आणि बहिणीच्या ताटात आणखी भात वाढला. थोरलीने नको म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी हॉस्पिटलातून मालकाला फोनवर फोन येऊ लागले. रुग्णांच्या खाटांवर घालायला चादरी उरल्या नव्हत्या. दुपारी मालक स्वतः फिटरला घेऊन आला. जाळी बसायला जेमतेम तासभर लागला.

थोरलीने आधी लाकडी पट्टी सरकवून पाहिली. ती जाळीला अडली. तिने बटण वर केलं.

"आता ती वाफेची गळकी नळी," ती मुकादमाला म्हणाली. "शुक्रवारपर्यंत."

"सरकारी पैसा आला वाटतं हातात? जीभ चांगलीच सैल सुटलीय."

"अजून नाही आला," थोरली म्हणाली आणि पहिली चादर आत सरकवली.