दोन रंगांचा ब्लाउज

मी सरजाबाईचा ब्लाउज बोलतोय. खुंटीला लटकलोय, पण अजून थरथरतोय. वाऱ्यानं नव्हे हो, भीतीनं! आज माझे रंग जाता जाता राहिले.

माझा जन्म देगलूरचा. जत्रेत तंबूतला सिनेमा आला होता, काळा-पांढरा. नायिकेच्या त्या फुगीर बाह्या बघून नव्या नवरीनं, म्हणजे सरजाबाईनं, हट्ट धरला, "मला अस्साच पायजे!" पण रंग कोणता? ती म्हणे मोरपंखी. नवरा पंढरी म्हणे, "न्हाई, तांबडाच हाय. मी निरखून बघितलंय." दोघं पुन्हा पुन्हा तंबूत जायचे आणि भांडत परत यायचे. शेवटी माणिकप्पा शिंपी वैतागला. त्यानं अंग मोरपंखी शिवलं अन् बाह्या तांबड्या. बाजारात माणसं फिदीफिदी हसली. सरजाबाई मात्र मला घालून लई तोऱ्यात चालायची, आणि पंढरी मागून शीळ घालायचा.

पंढरी वारला, तसा मी पेटीत गेलो. बिऱ्हाड नांदेडला आलं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई दारात ओरडली, की मी घडीतच अंग चोरायचो. वाटायचं, गेलो आता एका डब्यापायी! पण सरजाबाईनं मला कधी दिलं नाही. अधूनमधून उन्हात धरायची, तांबड्या बाह्यांवरून हात फिरवायची.

तिची नात लुंबिनी विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकते. गॅदरिंगला जुन्या सिनेमातले पोशाख घालायचे ठरलेत. "आजी, तुझा ब्लाउज घेऊ?" "घे की माय." पण पोरीनं पुढचं सांगितलंच नाही. जुना सिनेमा म्हणजे सगळं काळं-पांढरं, असं तिच्या डोक्यात. आज तिनं गॅसवर पातेलं चढवलं, त्यात काळा रंग कालवला आणि मला उचललं.

आई गं! ती वाफ! ओरडावं तर तोंड नाही. पाठीची एक नाडी बुडालीसुद्धा. तेवढ्यात वासानं सरजाबाई आत आली.

"अगं, काय करून राहिलीस?"

"आजी, स्टेजवर काळं-पांढरंच पाहिजे ना..."

"सिनेमा काळा-पांढरा व्हता. बाया न्हवत्या!" म्हातारीला रडू फुटलं. "ह्या बाह्या म्हंजी तुझ्या आजोबाचा हट्ट हाय. त्यो बुडवतीस व्हय?"

लुंबिनीनं घाबरून गॅस बंद केला. मग मला अंगात घातलं, मोबाइलवर फोटो काढला आणि त्यातले रंग तेवढे काढून टाकले. सरजाबाईनं फोटो डोळ्यांपाशी नेला. माझं अंग आणि बाह्या, दोन्ही एकाच करड्या रंगाच्या! थेट तंबूतल्यासारख्या.

भिंतीवरच्या पंढरीच्या तसबिरीकडं बघून ती म्हणाली, "बघा ओ, तुमीबी खरे, मीबी खरी. उगंच भांडलो."

नाडी काळी झाली ती झालीच. उद्या याच रंगांत स्टेजवर जायचंय. माझा दोरा कुजलाय, काखेत विरलोय, आणि भीती काही जात नाही. लुंबिनी, एवढं ऐक पोरी. टाळ्या कितीही पडल्या तरी हात वर करू नकोस.