नाव सापडायला लागणारा वेळ

प्रयोगशाळेत तिने काडीच्या टोकाने तबकडीवर वाढलेल्या जंतूंचा कणभर ठिपका उचलला, स्टीलच्या पट्टीवर सारवला आणि वर रसायनाचा थेंब सोडला. मागे रुग्णालयाचे विश्वस्त माना उंचावून उभे होते. विभागप्रमुख नव्या जावयासारखे मिरवत होते.

"पूर्वी याला दोन दिवस लागायचे. आता बघा! ताई, हे स्टॉपवॉच धरा. दाबा!"

तिने दाबलं. थेंब वाळला, यंत्राने पट्टी गिळली, पडद्यावर प्रथिनांच्या रेषा उभ्या राहिल्या. मग नाव उमटलं: एंटरोकॉकस.

"अकरा मिनिटं!" सर ओरडले. टाळ्या पडल्या.

ती नमुन्यासोबत आलेल्या अर्जाकडे बघत होती. सात नंबरच्या खाटेवरचे आजोबा. काल सुरू केलेल्या इंजेक्शनचं नाव खाली लिहिलेलं. या जंतूने त्या इंजेक्शनला जन्मात कधी दाद दिलेली नव्हती.

तिने वॉर्डला लावलेला फोन नेहमीसारखा नुसताच वाजत राहिला. तिने अहवाल छापला, सही केली आणि वॉर्डचा जिना चढू लागली. स्टॉपवॉच हातातच होतं.

"ट्रेमध्ये ठेवा ना," सिस्टर मान वर न करता म्हणाल्या. "डॉक्टर चारला येतील."

"साडेअकरा वाजलेत. आत्ता बोलवा."

"मीटिंगमध्ये आहेत. आणि सहा वर्षांत तुमच्यातलं कुणी फिरकलं नाही इकडे. आज कुठून उगवलात?"

तळपायाची आग मस्तकात गेली. पण सिस्टर खोटं बोलत नव्हत्या. तिने ट्रेमधले कागद उचलले. सगळ्यांवर तिचीच सही, नीट, वळणदार. तळाचा कागद मंगळवारचा होता. चार नंबर. घडीसुद्धा उलगडलेली नव्हती.

तिने चार नंबरकडे पाहिलं. पलंगावर नवी चादर होती, आणि दुसरंच कुणीतरी.

सात नंबरपाशी आजोबांची मुलगी ओला रुमाल पिळत होती. "काही कळलं का हो?" मुलीने विचारलं.

"कळलंय," ती म्हणाली. "कधीचंच."

जिन्यावर धापा ऐकू आल्या. "अहो ताई, काय हे! पाहुणे खोळंबलेत. दुसरा नमुना दाखवायचाय. स्टॉपवॉच कुठाय?"

"चालू आहे अजून, सर."

तिने तळहात उघडून धरला. बत्तीस मिनिटं. दुसऱ्या हाताने मंगळवारचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

सरांनी तो उघडला. तारीख वाचली, मग चार नंबरकडे बघितलं. सिस्टरांच्या टेबलावरचा फोन स्वतःकडे ओढला.

"मीटिंग असू दे," ते फोनवर म्हणाले. "बाहेर बोलवा त्यांना."

फोन ठेवून त्यांनी स्टॉपवॉचसाठी हात पुढे केला. तिने ते न थांबवताच मूठ मिटली आणि सात नंबरच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली.