बेचकीपासून टोकापर्यंत

सकाळी सव्वाअकरा वाजता तीन शेजारी देशांच्या संयुक्त समितीने खोल समुद्रातल्या कुपा माशाला हिरवा शेरा दिला. साठा सुरक्षित आहे, मासेमारी आहे तशी चालू राहील, बंदीची गरज नाही, असं चार ओळींचं पत्रक निघालं.

त्या वेळी फळीवाली धक्क्यावर उकिडवी बसून दिवसातला एकविसावा कुपा मोजत होती. सरकारी मोजणीदार असली तरी धक्क्यावर तिला सगळे फळीवालीच म्हणत. लाकडी फळी, तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा, एका बाजूला उभी पट्टी. माशाचं तोंड पट्टीला टेकवायचं आणि शेपटीची दोन पाती जिथे फुटतात ती बेचकी कुठे येते ते वाचायचं. पात्यांची टोकं धरायची नाहीत, ती जाळ्यात फाटतात, झिजतात. अकरा वर्षं ती हेच करत होती.

बेचकीपर्यंत नव्वद भरला की कुप्याने एकदा तरी अंडी घातलेली असतात. त्याच्या आत धरला तर वंशच खुंटला. शंभरात पन्नासहून जास्त मासे नव्वदच्या आत निघाले की लाल शेरा आणि चार महिने बंदी, असा तिन्ही देशांचा करार होता. यंदा तिच्या फळीवर शंभरात त्रेसष्ट निघाले होते.

पत्रक मोबाइलवर वाचून तिने हात धुतले आणि ती तडक कार्यालयाचे दोन जिने चढली.

"बसा बाई," साहेब म्हणाले. "बरं झालं आलात. तुमची सही हवीच होती. पाचच्या आत."

त्यांनी कागद पुढे सरकवला. तिच्याच धक्क्याची यादी. खाली छापलेलं: 'वरील मोजमापे मी प्रत्यक्ष घेतली आहेत.' तिने पहिली ओळ पाहिली. चौऱ्याण्णव. तिने वही उघडली. शहाऐंशी. दुसरी ओळ सत्त्याण्णव, वहीत एकोणनव्वद. पानभर तेच. प्रत्येक मासा आठ सेंटीमीटरने वाढला होता, तोही मेल्यावर.

"हे काय आहे साहेब?"

"एकसूत्रीकरण," साहेब शांतपणे म्हणाले. "यंदा पहिल्यांदाच तिघांचे आकडे एकत्र केले. तेव्हा कळलं की ते दोघं टोकापर्यंत मोजतात आणि आपण बेचकीपर्यंत. कुठलं तरी एक माप धरायला हवं ना? दोन विरुद्ध एक. आपले आकडे टोकावर नेले."

"आणि नव्वदची मर्यादा?"

"ती करारात आहे."

"करारात ती बेचकीपर्यंतची आहे. माप टोकाचं केलंत, मग मर्यादाही अठ्ठ्याण्णव करायला हवी होती."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. "तो विषय पुढच्या बैठकीत घेतलाय."

"कधी आहे?"

"दोन वर्षांनी."

तिच्या डोक्यात तिडीक गेली, पण आवाज चढला नाही. "म्हणजे हात वर करून उंची मोजायची आणि सैन्यात भरती व्हायचं. मलाही घेतील."

"बाई, तीन देश राजी झालेत. तुमच्या एका बेचकीसाठी हे सगळं अडवायचं का?"

तेवढ्यात मोबाइल वाजला. तिचा मोठा भाऊ. धक्क्यावर त्याची बोट होती. ती बाहेर व्हरांड्यात आली.

"पेढे कधी देतेस?" तो हसत म्हणाला. "हिरवा आला म्हणे."

"खोटा आलाय दादा."

तिने दोन वाक्यांत सांगितलं. 

"सही कर आणि मोकळी हो," तो म्हणाला. "लाल झाला तर चार महिने बोट बांधून मी काय करू? तुझ्या फळीवर झोपू?"

"झोप. फळीवर जागा उरेल एवढे लहान मासे आता तुझ्याच बोटीतून येतायत. बाबांच्या वेळी एक कुपा उचलायला दोन माणसं लागायची. तू काल एका हातात दोन आणलेस. मीच मोजले."

"मी एकटा थांबलो तर शेजारचे घेऊन जातील. समुद्राला कुंपण आहे का?"

"म्हणूनच तिघांची एक फळी हवी होती. ती मिळाली, आणि तीच खोटी निघाली."

"अकरा वर्षांत तुला बढती का नाही मिळाली, ते आज कळलं," म्हणून त्याने फोन ठेवला.

पावणेपाचला तिने कागद परत केला. छापील ओळीवर आडवी रेघ होती आणि खाली तिचं अक्षर: 'मी बेचकीपर्यंत मोजले. वरचे आकडे माझे नाहीत. माझे सोबत जोडले आहेत.' त्याखाली सही. एक प्रत समितीला, एकेक शेजारच्या दोन्ही देशांच्या मोजणी कार्यालयांना गेली होती.

साहेबांनी वाचलं. "परवानगी घेतली होती का?"

"मासे मोजायला कधी घेतली नव्हती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची बोट लागली.  एक कुपा आणून त्याने स्वतःच फळीवर ठेवला, तोंड पट्टीला नीट टेकवलं आणि पाठ फिरवून उभा राहिला. एकोणऐंशी. तिने लिहिलं. त्याने पुढचा ठेवला.

दुपारी तिला कारणे दाखवा नोटीस मिळाली. मुदत सात दिवस. समितीकडून काही आलं नाही. शेजारच्या एका देशाच्या कार्यालयाकडून मात्र एका ओळीचं उत्तर आलं: बेचकी म्हणजे नेमकी कुठली जागा, आकृती पाठवावी. तिने नोटिशीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मासा काढला, बेचकीवर बाण केला, फोटो घेतला आणि चार वाजून दहा मिनिटांनी पाठवला.

तो तिकडे उघडला गेल्याची खूण साडेचारला आली. समितीच्या यादीत कुप्यापुढे अजून हिरवाच ठिपका आहे.