एकेचाळीस हप्त्यांची वाट

"घोडा आहे की गोगलगाय?" संपादकांनी वाचकाचं पत्र वाचून दाखवलं आणि चष्म्यावरून बाबांकडे पाहिलं. "एकेचाळीस हप्ते झाले, साहेब. पोरगी घोड्यावर बसली तेव्हा माझ्या नातवाला दात नव्हते. आता तो मला चावतो."

बाबा हसले नाहीत. त्यांनी निब पुसली आणि पुन्हा शाईत बुडवली.

बाबा मांगा काढत, म्हणजे साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने चालणारी चित्रकथा. बावीस वर्षं तीच एक. माणसं ते काढत, मागचं सगळं मी: झाडं, भिंती, आभाळ. गेल्या वर्षी कथेतल्या किल्ल्यात एक जखमी बाई मरणाला टेकली आणि तिची मुलगी घोड्यावरून तिच्याकडे निघाली. ती अजून वाटेतच होती. आधी नदीला पूर आला, मग पूल तुटला, मग घोड्याचा नाल निघाला. एका नालावर तीन हप्ते गेले. मीही मुकाट्याने दर वेळी आणखी एक डोंगर काढून देत होते.

"एक तर मुलगी पोचू दे, नाहीतर बाईला जाऊ दे," संपादक म्हणाले. "दोन हप्ते. मग ही पानं मला दुसऱ्या कुणाला द्यावी लागतील. वरून आलंय, माझा इलाज नाही."

"बघतो."

"बघतो नाही, संपवा. वहिनी असत्या तर त्यांनीच तुम्हाला..." ते थांबले आणि छत्री शोधू लागले. छत्री त्यांच्या हातातच होती.

ते गेल्यावर बाबांनी नवा कागद लावला. पेन्सिलीने मुलगी, घोडा, समोर धुकं.

"इथे जंगल घाल," ते म्हणाले. "दाट. दोन पानं जातील."

मी कथा पुष्कळ वाचल्या आहेत. ताण कुठे संपतो आणि पाणी घालणं कुठे सुरू होतं, हे मला पंधराव्या हप्त्यालाच कळलं होतं. पण आई गेल्यापासून मी बाबांना कशालाच नाही म्हटलं नव्हतं. हात चालतोय ना, चालू दे, असं वाटायचं.

"बाबा, जंगल नको."

"मग दरी?"

"दरीही नको. किल्ला आणू या."

"किल्ला आला की ती वेळेवर पोचायला हवी. आणि ते जमत नाही. कसंही जुळवलं तरी खोटं वाटतं."

"मग उशिरा पोचू दे."

पेन्सिल थांबली. "म्हणूनच तर लांबवतोय गं. वाटेत असतो तोवर माणसाला उशीर झालेला नसतो."

आई गेली तेव्हा मी बसमध्ये होते. त्याबद्दल आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो.

"मी दवाखान्यात आले तेव्हा तुम्ही खाली कागदांवर सह्या करत होतात," मी म्हणाले. "वर मी काय पाहिलं ते तुम्हाला माहीत नाही."

"सांग."

"गादी गुंडाळून ठेवली होती. खिडकी सताड उघडी. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. पुसलेल्यावर पाय कसा ठेवायचा, म्हणून मी दारातच थांबले. पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, वाळेल गं आत्ता."

"मग?"

"मग काही नाही. वाळेपर्यंत उभी राहिले."

बाबांनी धुक्याचा कागद काढून दुसरा लावला. पूर्ण पानाची एकच चौकट. दार, दारात पाठमोरी मुलगी. तिच्यापुढे पट्टीने फरशीच्या रेघा आखत ते पानाच्या वरच्या कडेपर्यंत गेले. मुलीचं पाऊल मात्र उंबऱ्याच्या बाहेरच ठेवलं.

"ओली कशी दाखवायची गं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

"पाणी चमकतं तिथे रेघ मध्ये मध्ये सोडून द्यायची," मी म्हणाले.

त्यांनी सोडून दिली.