डावा आरसा

अर्लीनने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. थांब, असा त्याचा अर्थ. पिकअपच्या मागे जोडलेला त्यांचा राहता ट्रेलर थांबला नाही. मागचा डावा कोपरा विजेच्या खांबाला जाऊन टेकला, खांब करकरला आणि पांढऱ्या पत्र्यावर हातभर ओरखडा उठला. मग कुठे पिकअपचे ब्रेक लागले.

आजूबाजूच्या ट्रेलरांपुढे घडीच्या खुर्च्या टाकून मंडळी बसली होती. संध्याकाळी नवं बिऱ्हाड उलटं आत शिरताना बघणं, ही कॅम्पग्राउंडवरची फुकटची करमणूक. पण या वेळी कुणी हसलं नाही. ज्याच्या त्याच्या ट्रेलरवर एखादा ओरखडा होताच.

तिचा नवरा ड्वेन पिकअपमधून खाली उतरला. त्याने ओरखड्यावरून बोट फिरवलं.

"हात कुठे केला होतास?"

"डोक्यावर."

"मग मला कसा दिसला नाही?"

नियम त्यानेच घालून दिलेला होता. मी मागे घेताना डाव्या आरशात तू दिसली पाहिजेस. दिसली नाहीस की मी थांबणार. ती बरोबर जागेवर उभी होती. त्या आरशात तिला त्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता.

तेवढ्यात छोटी बॅटरीगाडी घेऊन ट्विला आली. कॅम्पग्राउंडची व्यवस्था तिच्याकडे होती. उंच, रुंद खांद्यांची, सत्तरीची बाई.

"खांबाचं मनावर घेऊ नका, त्याला सवय आहे," ती म्हणाली. "फक्त ही जागा शनिवारपर्यंतच हं. शनिवारी सकाळी पलीकडच्या रांगेत हलावं लागेल तुम्हाला."

"हलू की," ड्वेन म्हणाला.

त्याने आयोवात जन्मभर धान्याचे ट्रक चालवले होते. कोठारापुढे त्याचा ट्रक रिव्हर्स येताना बघायला लोक थांबायचे. निवृत्त झाल्यावर दोघांनी घर विकलं, ट्रेलर घेतला आणि थंडी पडली की टेक्सस गाठायचं ठरवलं. या वर्षी सॅन अँटोनिओ. ट्रेलर जोडलेला असताना स्टिअरिंगला अर्लीनने कधी हात लावला नव्हता, कारण ते ड्वेनच्या हातून कधी सुटलंच नव्हतं.

क्रेगने, म्हणजे मुलाने, त्याच्या घराच्या तळघरात दोघांसाठी खोली तयार ठेवली होती. नवा गालिचा, वेगळं न्हाणीघर. दर रविवारी फोनवर तो विचारायचा, "मग, कधी येताय?" मुलगा गुणी होता. पण अर्लीनला त्या खोलीची भीती वाटायची. खोलीला एकच खिडकी होती, छताला लागून, आणि तिच्यातून अंगणातल्या गवताचे बुडखे दिसायचे. ड्वेनचं चालवणं थांबलं की ट्रेलर थांबणार, आणि ट्रेलर थांबला की ती खोली.

दुसऱ्या दिवशी कपडे धुण्याच्या खोलीत तिची ट्विलाशी गाठ पडली.

"तुला येतो का ट्रेलर चालवता?" टॉवेलांच्या घड्या घालत ट्विलाने सरळच विचारलं.

"पिकअप येतो. मागे ट्रेलर असला की नाही."

"त्याचे डोळे गेलेत, माहितीये ना तुला?"

"एक," अर्लीन म्हणाली. "एकच गेला असावा."

ट्विलाने ओक्लाहोमात शाळेची बस चालवून दोन पिढ्या वाढवल्या होत्या. बंद पडलेल्या एका बाजाराच्या मागे मोठं रिकामं पटांगण होतं. तिथे अर्लीनला शिकवायला ती आपला जुना पिकअप आणि त्याहून जुना ट्रेलर घेऊन येणार होती. राहता राहिला ड्वेन. पण तोच आपणहून म्हणाला, "तू शहर बघून ये. मी लष्करात असताना सगळं पाहिलंय. माझे गुडघे आता त्या लायकीचे नाहीत."

तेव्हा रोज जेवण झालं की अर्लीन शहराच्या बसचा थांबा गाठायची, आणि वळणावर ट्विला तिला उचलायची.

"हात स्टिअरिंगच्या चाकाच्या खालच्या बाजूला धर," ट्विला सांगायची. "हात डावीकडे गेला की ट्रेलरचं बूड डावीकडे. बस, इतकंच आहे शास्त्र."

शास्त्र इतकंच असलं तरी ट्रेलरला ते माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तो तिच्याकडे वळून बघायला लागल्यासारखा आडवा झाला. अर्लीन चाकावर डोकं टेकून बसली.

"रडतेस का?"

"नाही. विचार करतेय."

"विचार करून बसच्या बस खड्ड्यात गेल्यात. पुढे घे आणि परत ये. पुढे घेण्यात लाज कसली?"

परतताना ट्विला तिला एक चुंबक द्यायची, फ्रिजवर लावायचा. नदीतली होडी, उंच मनोरा, अलामोची जुनी गढी. शहर पाहिल्याचा पुरावा नको का? ड्वेन रोज तो चुंबक हातात घेऊन, डोळ्याजवळ नेऊन बघायचा.

गुरुवारी अलामोचा चुंबक लागला. ड्वेन कढईत घेवडा आणि खिमा ढवळत होता.

"कशी वाटली गढी?"

"वाटली होती त्यापेक्षा लहान," अर्लीन म्हणाली. तिथून येणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, असं ट्विलाने सांगून ठेवलं होतं.

"आत टोप्या काढायला लावतात का अजून?"

"टोप्या? नाही बाई. सगळे घालूनच होते. ऊन किती होतं."

"हं," ड्वेन म्हणाला. त्याने आच कमी केली, आणि दोन ताटल्या काढल्या.

त्या रात्री तो नेहमीपेक्षा जास्त बोलला. घराबद्दल, धान्याच्या धुळीबद्दल, क्रेगच्या लहानपणाबद्दल. गढीचा विषय पुन्हा निघाला नाही.

शनिवारी सकाळी अर्लीनने भांडी बंदिस्त केली, पायरी आत घेतली, वायर गुंडाळली. मनात ती वाक्य घोळवत होती. आज मी करून बघू का? माझी पाठ दुखतेय उभं राहून, आज मी बसते. एकही वाक्य खरं वाटत नव्हतं. ती पुढे आली तेव्हा पिकअपची डावी, चालवणाऱ्याची बाजू रिकामी होती. ड्वेन उजव्या दाराशी उभा होता. त्याने छपरावरून किल्ली तिच्याकडे सरकवली.

"गढीत टोपी काढावीच लागते," तो म्हणाला. "मी लष्करात होतो तेव्हाही, आणि आजही. दारात पाटी आहे. काल शेजारच्याला विचारलं मी."

अर्लीनने किल्ली उचलली नाही.

"पहिल्या दिवशी हाताला तेलाचा वास होता तुझ्या," तो म्हणाला. "माझ्या हाताला तो चाळीस वर्षं होता."

"मग बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललीस?" तो म्हणाला. "नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणापासून असं आहे. आरसा दिसतो मला. तू त्यात नसतेस."

"आणि तरी मागे घ्यायचास."

"हो," ड्वेन म्हणाला. "घ्यायचो."

तिने किल्ली घेतली.

पलीकडच्या रांगेत खुर्च्या आधीच मांडलेल्या होत्या. बाई चालवतेय म्हटल्यावर दोन खुर्च्या आणखी आल्या. ट्विला दूर बॅटरीगाडीत बसून भलतीकडे बघत होती. ड्वेन मागे गेला, खांबाशेजारी आपल्या जागेवर उभा राहिला. त्याने टोपी काढून कमरेच्या पट्ट्यात खोचली आणि दोन्ही हात वर केले.

अर्लीनने हात चाकाच्या खालच्या बाजूला धरला. डाव्या आरशात तो पूर्ण दिसत होता, पांढरे केस, लाल मान. ये, त्याचे हात म्हणाले. ये, ये. मग ते डावीकडे वळवू लागले, अजून डावीकडे, ठामपणे, जन्मभर ट्रक चालवलेल्या माणसासारखे. ट्रेलरचा कोपरा सरळ खांबावर जाणार होता. खांब त्याच्या दंडाला लागून होता, आणि तो त्याला दिसत नव्हता.

अर्लीन थांबली. पुढे घेतलं. हात उजवीकडे नेला आणि सावकाश मागे आली, खांब एका हाताच्या अंतरावर ठेवून. ड्वेन शेवटपर्यंत डावीकडेच बोलावत राहिला. ट्रेलर जागेवर बसला तेव्हा त्याने डोक्यावर हात नेऊन फुली केली.

खुर्च्यांतून टाळ्या पडल्या.

"सांगितलं तसं केलं की कसं बरोबर जातं," ड्वेन शेजाऱ्यांना म्हणाला. "मागे उभा असणारा धड लागतो."

मग तो तिच्या खिडकीशी आला. टोपी अजून पट्ट्यातच होती.

"दिसत होतो ना मी?" त्याने हळूच विचारलं.

"पूर्ण वेळ," अर्लीन म्हणाली.